बालवर्गाची मांडणी

उन्हाळ्याची सुटी संपत आली व जून महिन्याचे ढग आकाशांत दिसूं लागले, कीं पुस्तकांच्या दुकानांतून गर्दी होते. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस काय घ्यावें याची फारशी चिंता नसते. शाळेनें छापून दिलेली यादी दुकानदारापुढें ठेवली म्हणजे काम झालें. परंतु ज्या वर्गांत तीन ते सहा वर्षांचीं मुलें बसतात, तेथें खरें पाहतां पाठ्यपुस्तक नाहीं, वही नाहीं, परीक्षाहि नाहीं. मग त्या वर्गाच्या बाईंनीं शाळा उघडण्यापूर्वीं कोणती सामुग्री जुळवावी, ती कोठें ठेवावी, आणि आईबापांनीं मुलाबरोबर काय पाठवावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

वरच्या इयत्तेंत पाठ पुस्तकांत असतो; फळा, नकाशा, पृथ्वीचा गोल हे त्या पाठाचे मदतनीस. बालवर्गांत वस्तु हाच पाठ असतो. पांच वर्षांच्या मुलास 'जड' व 'हलकें' हे शब्द पुनःपुन्हां सांगून जें कळत नाहीं, तें त्याच्या दोन हातांत दोन डबे दिले असतां क्षणांत कळतें. म्हणून बालवर्गासाठीं चुकीची वस्तु घेणें म्हणजे चुकीचें पाठ्यपुस्तक नेमण्यासारखें आहे. त्यांतून पुष्कळ शाळांपाशीं या वर्गासाठीं पैसा थोडा असतो. तो जर भिंतीवरच्या रंगीत तक्त्यांत व कपाटांत बंद राहणाऱ्या मोलाच्या खेळण्यांत गेला, तर मुलें वर्षभर रिकाम्या हातांनीं बसतात. आणि रिकाम्या हातांचें मूल एक तर दंगा करतें, नाहीं तर गप्प बसून कोमेजतें.

पूर्वेतिहास

लहान मुलांच्या शाळेस 'किंडरगार्टन', म्हणजे 'मुलांची बाग', हें नांव जर्मनींतील फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) यानें १८४० सालीं दिलें. त्यापूर्वीं तीन वर्षें, १८३७ सालीं, ब्लांकेनबुर्ग या लहानशा गांवीं त्यानें मुलांच्या खेळाचें साहित्य तयार करण्यास आरंभ केला होता. तरुणपणीं तो बर्लिन येथील खनिज-संग्रहालयांत कामास होता. स्फटिकांच्या रेखीव आकारांचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटला होता. आपल्या साहित्यास त्यानें 'देणग्या' म्हटलें. पहिली देणगी म्हणजे लोंकरीचे सहा रंगांचे सहा मऊ चेंडू. दुसरी म्हणजे लांकडाचा गोल, घन व दंडगोल. तिसरी म्हणजे दोन इंची घन, पण तो आठ सारख्या लहान घनांत विभागलेला. मुलानें तो मोडावा, त्याचें घर करावें, पूल करावा, आणि शेवटीं आठहि तुकडे जुळवून तो पूर्ण करून पेटींत परत ठेवावा. आठ साध्या ठोकळ्यांत भाग व पूर्ण यांचा संबंध मुलाच्या हातीं येतो, हें फ्रोबेलनें ओळखलें.

पुढें इटलींतील डॉक्टर मारिया माँटेसोरी (१८७०–१९५२) यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेंझो नांवाच्या गरीब मजुरांच्या वस्तींत पहिलें बालगृह उघडलें. तेथील साहित्य प्रथम एका उंच कपाटांत कुलूप लावून ठेवीत. शिक्षिका येई, कुलूप काढी, वस्तु वाटी, आणि काम संपतांच त्या परत आंत ठेवी. एकदां ती कुलूप लावण्यास विसरली व दुसऱ्या दिवशीं शाळेंत उशिरां आली. येऊन पाहते तों मुलांनीं कपाट उघडलेलें! कांहीं नुसतीं पाहत उभीं आहेत, कांहीं आपल्याला हवी ती वस्तु नेऊन कामांत गढून गेलीं आहेत. शिक्षिकेस ही चोरी वाटली. माँटेसोरीबाईंनीं निराळाच अर्थ काढला. मुलांस वस्तूंची ओळख झाली आहे, व आपणांस कोणती हवी हें तीं स्वतः ठरवूं शकतात, असें त्यांनीं जाणलें. त्यानंतर उंच कपाट गेलें, आणि मुलांच्या उंचीच्या बुटक्या, उघड्या मांडण्या आल्या. बालवर्गाच्या सामुग्रीच्या इतिहासांत या घटनेइतकी महत्त्वाची दुसरी घटना क्वचितच सांपडेल.

आपल्याकडे हा विचार प्रथम गुजरातींतून आला. भावनगर येथें गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. मुंबईंत जन्मलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) तेथें त्यांच्या सहकारी झाल्या, व १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसोरीबाई स्वतः १९३९ सालीं भारतांत आल्या, अड्यार येथें त्यांनीं शिक्षकांचे वर्ग चालविले, आणि दुसऱ्या महायुद्धामुळें त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. परंतु विलायती नमुन्याचें सुबक साहित्य खेड्यांतील शाळेस कसें परवडावें? या प्रश्नास ताराबाईंनीं कृतीनें उत्तर दिलें. १९४५ सालीं बोर्डी येथें त्यांनीं व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनीं बालवाडीचें काम सुरू केलें. १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. परिसरांत सहज मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनीं साहित्य उभें केलें. वारली मुलें बालवाडीपर्यंत येत नाहींत असें दिसलें, तेव्हां त्यांनीं बालवाडीच पाड्यावरच्या अंगणांत नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेनें 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोंचविला. सारांश, रोममध्यें कपाटाचें कुलूप निघालें, आणि कोसबाडास किंमतीचें कुलूपहि निघालें.

चार कसोट्या

कोणतीहि वस्तु विकत घेण्यापूर्वीं किंवा तयार करण्यापूर्वीं तिला चार प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न : ही वस्तु मुलाच्या हातीं जाईल काय? जी नुसती पाहावयाची, किंवा मोडेल म्हणून बाईंनींच धरावयाची, ती बालवर्गास फार थोडी उपयोगी.

दुसरा प्रश्न : चूक झाली तर ती वस्तु स्वतः सांगेल काय? सदऱ्याचें एक बटण चुकीच्या काजांत गेलें कीं शेवटीं एक काज रिकामें राहतें. बाईंनीं 'चुकलें' म्हणावयास नको. मूल स्वतः पाहतें, उलगडतें व पुन्हां लावतें. ज्या साहित्यांत अशी सोय असते, तें मुलास रागावल्यावांचून शिकवितें.

तिसरा प्रश्न : ती पूर्ण आहे काय? दहापैकीं एक कांडी हरवलेली पेटी मुलास कोड्यांत टाकते. अपुरी वस्तु मांडणीवरून काढून घ्यावी व दुरुस्त झाल्यावरच परत ठेवावी.

चौथा प्रश्न : तिची ठरलेली जागा आहे काय, व ती जागा मुलाच्या हातास पोंचते काय? चार वर्षांचें मूल सुमारें एक मीटर उंच असतें. त्याच्या डोळ्यांच्या वर ठेवलेली वस्तु त्याच्या दृष्टीनें वर्गांत नाहींच.

या चारहि प्रश्नांस उतरणाऱ्या वस्तु थोड्या असल्या तरी चालतील. पंचवीस मुलांस पंचवीस सारखीं खेळणीं घेण्याची गरज नाहीं. निरनिराळीं वीस-पंचवीस कामें मांडणीवर असलीं, म्हणजे प्रत्येक मूल आपली पाळी येईपर्यंत दुसरें कांहीं करतें. वाट पाहणें हाहि त्या वयांतील एक मोठा धडा आहे.

पंचवीस मुलांच्या वर्गाची यादी

१. बसणें व ठेवणें. २५ बसकरें, आणि काम मांडण्यासाठीं ८ लहान चटया. चटईच्या कडेबाहेर आपलें काम जाऊं द्यावयाचें नाहीं, हा नियम त्या चटया न बोलतां शिकवितात. तीन फळ्यांच्या दोन बुटक्या मांडण्या. सर्वांत वरची फळी जमिनीपासून ७५ सेंटिमीटरांहून उंच नसावी. स्वयंपाकघरांतील जुनी मांडणी घांसूनपुसून व पाय कमी करून घेतली तरी चालते. भिंतीवर मुलांच्या उंचीस २५ खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र : कोणास आंबा, कोणास मासा, कोणास छत्री. नांव वाचतां येत नसलें तरी आपलें चित्र मूल पहिल्या दिवशींच ओळखतें. तेंच चित्र त्याच्या पेल्यावर व पंचावर असावें. नव्या जागीं आपल्या नांवाची एक तरी खुंटी आहे, एवढ्यानें रडणारें मूल कित्येकदां शांत होतें.

२. पाणी व स्वच्छता. तोटीचा एक माठ, २५ पेले, हात धुण्यास दोन घंगाळें, साबण, लहान पंचे. आंखूड दांड्याच्या ४ केरसुण्या, २ सुपल्या, ६ फडकीं. सांडलेलें पाणी ज्याचें त्यानें पुसावें. बाईंच्या पेटींत मुलांच्या कपड्यांचे ४ जुने जोड असावे. पहिल्या आठवड्यांत त्यांची गरज हमखास लागते, आणि अशा वेळीं मुलाची लाज राखणें हें शिक्षिकेचें पहिलें कर्तव्य होय.

३. हाताचीं कामें. दोन लहान तांबे व एक ताटली : एकांतून दुसऱ्यांत पाणी ओतण्यासाठीं. बटणें, हूक, नाडी व गांठ यांच्या चार चौकटी. लांकडी चौकटीस जुन्या सदऱ्याचे दोन भाग ठोकले कीं चौकट तयार. निवडण्यासाठीं वाल, चिंचोके व सागरगोटे यांचें मिश्रण आणि तीन वाट्या. ओंवण्यासाठीं दोऱ्याचीं रिकामीं रिळें व टोंकास मेण लावलेली दोरी. बोथट टोंकाच्या ६ कात्र्या. मळण्यासाठीं शाडू किंवा कुंभाराची माती. ती ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावी. सुताराकडील उरलेले सुमारें १०० तुकडे चांगले घांसून घेतले, म्हणजे ठोकळ्यांचा संच होतो. त्यांस रंगाची गरज नाहीं.

४. ज्ञानेंद्रियांचीं कामें. खादी, रेशीम, लोंकर, मखमल, गोणपाट व मलमल यांच्या तुकड्यांच्या जोड्या. डोळे मिटून जोडी लावावयाची. सारख्या दिसणाऱ्या डब्यांच्या सहा जोड्या. आंत वाळू, तांदूळ, खडे असें निरनिराळें घालून तोंडें पक्कीं बंद करावीं, व आवाजावरून जोडी शोधावी. वेलदोडा, लवंग, सुंठ, ओवा यांच्या कापडानें बांधलेल्या डब्या वासासाठीं.

५. मोजणी. माँटेसोरी पद्धतींतील दहा कांड्या सुतार सहज करून देईल. पहिली १० सेंटिमीटरांची, दुसरी २० ची, याप्रमाणें दहावी १०० सेंटिमीटरांची. एकूण साडेपांच मीटर पट्टी पुरते. प्रत्येक दहा सेंटिमीटरांचा भाग आळीपाळीनें तांबडा व निळा रंगवावा. सात म्हणजे सहांहून एक भाग लांब, हें मूल येथें हातांनीं धरतें. शिवाय १ लिटर, अर्धा लिटर व पाव लिटर अशीं तीन मापें आणि एक नरसाळें. चार पाव ओतले कीं लिटर भरतो, हें पाण्यानेंच सांगावें.

६. भाषा. ओळखीच्या वस्तूंचीं ४० चित्रें, हातांत घालण्याच्या ४ बाहुल्या, मोठ्या चित्रांचीं व थोड्या शब्दांचीं १५-२० पुस्तकें. सुतार लांकूड घांसण्यास जो खरखरीत कागद वापरतो, त्याचीं कापलेलीं अक्षरें पुठ्ठ्यावर चिकटवावीं. मुलानें दोन बोटें लिहिण्याच्या दिशेनें त्यांवरून फिरवावीं. आरंभ ग, म, भ, न या सोप्या वळणाच्या अक्षरांनीं करावा. त्याजोडीला वाळूचें एक पसरट तबक ठेवावें. ही कांहीं विलायती नवलाई नव्हे. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेंत मूल धूळपाटीवर बोटानेंच अक्षर गिरवी. 'धुळाक्षरें' हा शब्द त्याचीच साक्ष देतो.

७. चित्र, गाणें व खेळ. भिंतीच्या खालच्या भागावर काळा पट्टा, जाड खडू व मेणाचे रंगखडू, पाठकोरे कागद, आणि कणकेची किंवा तांदुळाच्या पिठाची खळ. बांबूच्या काडीचें टोंक ठेंचून केलेली कुंचली उत्तम चालते. वारली चित्रकार अशाच काडीनें चित्रें काढीत आले आहेत. एक झांज, एक डफ, एक घंटा. भातुकलीचा एक संच : चूल, पोळपाट, परात, तवा. भातुकलींत मुलगे व मुली दोघांनींहि खेळावें. अंगणांत वाळूचा खड्डा, दोन खुरपीं, दोन लहान झाऱ्या, व प्रत्येकी एक रोप.

या यादींतील बहुतेक वस्तु घरांतून, सुताराच्या दुकानांतून व कुंभाराच्या आव्यापासून मिळतात. विकत घेण्यासारख्या म्हणजे कात्र्या, रंगखडू व पुस्तकें. पैसा हातीं असेल तर तो प्रथम पुस्तकांवर खर्च करावा, कारण तींच घरीं करतां येत नाहींत.

काय घेऊं नये

कांहीं वस्तु निरुपयोगी असतात, तर कांहीं धोक्याच्या. गुंजेची तांबडी-काळी बी दिसावयास मोहक असते. पूर्वीं सोनार तिनें सोनें तोलीत. परंतु तिच्यांत तीव्र विष आहे. ती चावली गेली तर जिवावर बेततें. एरंडाच्या बीमध्येंहि तशाच जातीचें विष असतें. धोतऱ्याचें फळ व बी यांसहि मुलांचा हात लागूं देऊं नये. रंगासाठीं कळीचा चुना कधींहि वापरूं नये; तो डोळ्यांत गेल्यास दृष्टीस अपाय होतो. घड्याळांत व आवाज करणाऱ्या खेळण्यांत बसविलेली गोल चपटी बॅटरी मुलानें गिळली तर अन्ननलिका भाजते. अशीं खेळणीं वर्गांत नकोतच. फुटलेल्या फुग्याचे तुकडे घशांत अडकतात. ते तत्काळ उचलावे. सुमारें ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्यांत जी वस्तु पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालील मुलास द्यावयाची नाहीं, अशी कसोटी खेळण्यांच्या परीक्षणांत लावतात. म्हणून चिंचोके व वाल मोठ्या मुलांसच, आणि तेहि बाईंच्या नजरेसमोर, द्यावे. भारतांत १ जानेवारी २०२१ पासून विक्रीच्या खेळण्यांवर आय.एस.आय.ची खूण आवश्यक झाली आहे. दुकानांतून खेळणें घेतांना ती पाहून घ्यावी. नोंदणीकृत हस्तकारागिरांस या नियमांतून सूट आहे. त्यांच्याकडून लांकडी खेळणीं घेतांना रंग निघत नाहीं ना, कोपरे टोंचत नाहींत ना, हें बोट फिरवून पाहावें.

निरुपयोगी वस्तूंत पहिला मान भिंत झांकून टाकणाऱ्या तक्त्यांचा आहे. मोठ्यांच्या उंचीवर लावलेले वीस तक्ते पाहुण्यांस संतोष देतात. मुलास तीन चित्रेंच पुरेत, पण तीं त्याच्या डोळ्यांसमोर असावीं व दर पंधरवड्यास बदलावीं.

पहिला आठवडा

सर्व सामुग्री जमली, तरी ती पहिल्याच दिवशीं मांडूं नये. पहिल्या दिवशीं फक्त माती, ठोकळे, भातुकली व रंगखडू असावे. यांस शिकवावें लागत नाहीं. दुसऱ्या दिवसापासून रोज एक-दोन नवीं कामें बाईंनीं स्वतः करून दाखवावीं : हळूहळू, थोडक्या शब्दांत. तांब्या कसा धरावयाचा, थेंब सांडला तर फडकें कोठून आणावयाचें, आणि काम संपल्यावर तबक त्याच जागीं कसें ठेवावयाचें, हें सर्व एका कामाचाच भाग आहे. जें दाखविलें तेंच मांडणीवर ठेवावें. याप्रमाणें तीन-चार आठवड्यांत मांडणी भरते, आणि मुलें तिचीं मालक होतात.

बाईंच्या स्वतःच्या पेटींत सुई, दोरा, खिळे, खळ, स्वच्छ कापूस व पट्ट्या असाव्या, आणि एक वही असावी. त्या वहींत प्रत्येक मुलाचें एक पान राखावें व आज त्यानें काय घेतलें, किती वेळ केलें, कोठें अडलें, हें रोज दोन ओळींत लिहावें. बालवर्गास परीक्षा नसते, पण अशी नोंद ठेवली म्हणजे आईबापांस खरें उत्तर देतां येतें.

पालकांस दोन शब्द

हें खरें उत्तर देण्याची गरज वारंवार पडते. 'तीन महिने झाले, वहींत एक अक्षर नाहीं. मूल नुसतें खेळतें', ही तक्रार बहुतेक प्रत्येक बालवर्गांत ऐकूं येते. ती मायेपोटीं असते. खर्च करून मुलास शाळेंत घातलें, तें मागें पडूं नये, अशी चिंता तिच्या मुळाशीं असते. म्हणून तिचा उपहास करूं नये; तिचा विचार करावा.

मोठ्या माणसाच्या मनगटांत आठ लहान हाडें असतात. जन्माच्या वेळीं तीं कूर्चेचीं, म्हणजे मऊ असतात. पुढें एकेक करून कठीण होत जातात, आणि शेवटचें हाड कठीण होऊं लागण्यास साधारण नऊ ते बारा वर्षांचें वय यावें लागतें. लहान मूल पेन्सिल आधीं मुठींत धरतें. अंगठा व दोन बोटें यांची पकड हळूहळू साधते. ही पकड ओळी गिरवून येत नाहीं. ती माती मळून, बटण लावून, वाल निवडून, कात्री चालवून येते. माँटेसोरीबाईंनीं आपल्या दंडगोलांस जी लहानशी मूठ बसविली, ती याच तीन बोटांनीं धरावी लागते. लेखणी हातीं येण्यापूर्वींच लेखणीची पकड तयार व्हावी, हा त्यांतील हेतु होता. तेव्हां तांब्यांतून न सांडतां पाणी ओतणारें मूल लिहिण्याचीच तयारी करीत आहे. याच्या उलट, तयार नसलेल्या बोटांत पेन्सिल कोंबली तर मुठी आंवळतात, अक्षर कोरलें जातें, आणि लिहिणें म्हणजे दुखणें अशी गांठ मनांत बसते. ती पुढें वरच्या इयत्तांतहि सुटत नाहीं.

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत टप्पा म्हणून एकत्र धरला आहे, व त्यांत खेळ आणि कृति यांवर भर दिला आहे. २० फेब्रुवारी २०२३ रोजीं या वयोगटासाठीं 'जादुई पिटारा' नांवाची सामुग्रीची पेटी प्रसिद्ध झाली. तींत खेळणीं, कोडीं व चित्रपत्रिका आहेत. अशी पेटी शाळेंत आली तर आनंदच आहे. पण ती बाईंच्या कपाटांत नव्याकोऱ्या स्थितींत राहिली, तर मुलांच्या दृष्टीनें ती आली काय आणि न आली काय, सारखेंच.

म्हणून मुलाबरोबर काय पाठवावें? जड दप्तर नको. एक हलकी पिशवी, कपड्यांचा एक जोड, एक लहान पंचा, आणि मुलास स्वतः उघडतां येईल असा डबा. पुष्कळ मुलें मधल्या सुटींत डबा घेऊन बाईंपुढें रांगेनें उभीं राहतात, कारण झांकण त्यांस निघत नाहीं. डबा घेण्यापूर्वीं तो मुलाच्या हातांत देऊन पाहावा. चप्पल किंवा बूट त्यास स्वतः घालतां येईल असाच घ्यावा. घरीं जुनें कापड, रिकामे डबे, रिळें, पुठ्ठे साठवून महिन्यास एकदां शाळेकडे पाठवावे. यापरती मोलाची देणगी बालवर्गास क्वचितच मिळेल.

विद्यार्थी मित्रांस

मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनो, हा लेख केवळ बाईंसाठीं व आईबापांसाठीं आहे असें समजूं नका. वर दिलेल्या यादींतील निम्म्याहून अधिक वस्तु तुमच्या हस्तव्यवसायाच्या तासांत होण्यासारख्या आहेत. आठवीच्या वर्गानें दहा कांड्या मापून कापाव्या. तुमचा भूमितीचा पाठहि त्यांत होईल, कारण एक मिलिमीटर चुकला तर तो शेजारच्या कांडीशीं जुळवितांना दिसेल. नववीच्या वर्गानें खरखरीत अक्षरें कापावीं. ज्यांस शिवण येतें त्यांनीं बटणांच्या चौकटी कराव्या, ज्यांस चित्रकला येते त्यांनीं खुंट्यांवरचीं पंचवीस चित्रें काढावीं. आपण केलेली वस्तु एखादें चार वर्षांचें मूल भान हरपून हाताळीत आहे, हें पाहण्यांत जें समाधान आहे, तें बाजारांतील कोणत्याहि खेळण्याच्या किंमतीनें मिळणार नाहीं.

आणि बालवर्गाच्या बाईंस एकच विनंती. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशीं सर्व मांडून झाल्यावर वर्गाच्या मधोमध जमिनीवर बसावें, व मुलाच्या उंचीवरून चोहोंकडे पाहावें. येथून काय दिसतें? हात लांबविला तर काय मिळतें? घेतलेली वस्तु कोठें परत ठेवावयाची, हें न विचारतां कळतें काय? जेथें उत्तर 'नाहीं' असें येईल, तेथील फळी त्याच संध्याकाळीं खालीं उतरवावी.